जुनी तबकडी कोणत्या सालची? पाठवण्यापूर्वी हे वाचा

कागदी लेबलच नाही, मधले भोक भलतेच मोठे, किंवा सुई टेकवली तरी आवाज धड येत नाही. अशी ग्रामोफोनची तबकडी हाती आली की संग्राहक आम्हांला पहिल्यांदा साल विचारतात. आम्ही तीन साले वेगवेगळी शोधतो: गाणे ध्वनिमुद्रित कधी झाले, तबकडी बाजारात कधी आली आणि तुमच्या हातातली प्रत कारखान्यातून कधी निघाली. खपणाऱ्या गाण्याच्या प्रती त्याच मुद्रणावरून वर्षानुवर्षे काढल्या जात. म्हणून आमच्या अहवालात एकच साल न देता ‘या सालानंतर, त्या सालापूर्वी’ असे लिहिलेले असते, आणि त्यामागचा पुरावाही दिलेला असतो.

लेबलाभोवतीची कोरी जागा

सर्वांत भरवशाचा पुरावा इथे सापडतो. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक विक्रीसाठी असे. मॅट्रिक्स क्रमांक मात्र मूळ मुद्रणाला दिलेला असतो आणि बहुधा शेवटची खाच व लेबल यांमध्ये बारीक अक्षरांत उमटलेला असतो. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर त्यापुढे छोटा त्रिकोण दिसला, किंवा कोलंबियाच्या तबकडीवर वर्तुळातला ‘डब्ल्यू’ दिसला, तर ते मुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या विद्युत पद्धतीने झालेले, म्हणजे १९२५ च्या आधीचे नाही. त्यापूर्वी गायक कर्ण्यात तोंड घालूनच गात.

ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर आणखी एक-दोन अक्षरे असतात. ती प्रत कोणत्या साच्यावरून काढली, त्याचा क्रमांक सांगतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि ०. ‘आरएच’ म्हणजे २७ वा साचा. साचे झिजत आणि बदलले जात, त्यामुळे तुमची प्रत आधीची की नंतरची, हे या अक्षरांवरून ताडता येते. ही अक्षरे फोटोत नक्की येऊ द्या.

फसवणाऱ्या खुणा

कागदी लेबल नाही म्हणून तबकडी १९०० पूर्वीची, असे धरून चालू नका. सपाट तबकडीचा जनक एमिल बर्लिनर याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर मजकूर थेट कोरलेला असे, हे खरे; पण पाथे कंपनीने साधारण १९१६ पर्यंत आणि एडिसन कंपनीने १९२१ च्या सुमारापर्यंत कागदी लेबल वापरले नाही. एकाच बाजूला गाणे असण्याचेही तसेच. ओडियन कंपनीने दुहेरी तबकड्या १९०४ मध्ये आणल्या, तरी व्हिक्टर कंपनीची ‘रेड सील’ मालिका १९२३ पर्यंत एकेरीच राहिली.

मोठ्या भोकाच्या तबकड्यांना पुष्कळजण नंतर कोणीतरी भोक मोठे केलेल्या समजून टाकून देतात, याचे आम्हांला फार वाईट वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही कंपन्या यंत्र स्वस्तात किंवा फुकट देत आणि त्यावर फक्त आपल्याच तबकड्या बसाव्यात म्हणून मधला खुंट जाड ठेवत. युनायटेडचे भोक दीड इंची, तर अरेटिनोचे चक्क तीन इंची असे.

कृपया वाजवून पाहू नका

पाथेच्या जुन्या तबकड्या आणि एडिसनच्या डायमंड डिस्क (१९१२ ते १९२९) यांत आवाज खाचेच्या खोलीत नोंदलेला असतो, डाव्या-उजव्या वळणांत नाही. पाथेला नीलमण्याची गोल टोकाची सुई लागे, एडिसनला हिऱ्याची. पोलादी सुईने ही खाच कायमची खरवडली जाते. डायमंड डिस्क ओळखायला सोपी: ती जवळजवळ सहा मिलिमीटर जाड असते. तिला पाणीही लावू नका.

भोकाच्या कडेला धातू चमकत असेल, तर ती बहुधा ॲल्युमिनियमवर लाखेसारखा लेप दिलेली, थेट कोरलेली (साच्यावरून न काढलेली) तबकडी आहे. अशा तबकड्या १९३४ पासून मिळू लागल्या. त्या मुद्रणाची दुसरी प्रत अनेकदा नसतेच, म्हणून आम्ही अशी तबकडी सर्वांत आधी हातात घेतो. वर पांढरी भुकटी दिसली तरी पुसू नका. लेपातले तेलकट द्रव्य बाहेर येते, त्याची ती खूण आहे.

फोटो आणि पाठवणी

दिवा बाजूने तिरपा धरून लेबल, कोरी जागा आणि कड यांचे फोटो काढा. दोन्ही बाजू हव्यात, मागची कोरी असली तरी. व्यास मोजून लिहा. धूळ मऊ ब्रशने झटका. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. बहुतेक जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते.

मूळ पाकीट सोबत द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका, कारण पाकिटे सहज अदलाबदल होतात. तबकडी फुटली असेल तर चिकटवू नका. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून पाठवा; क्रमांकाचा भाग शाबूत असेल तर मुद्रणाचा काळ तेवढ्यावरूनही काढता येतो.