प्ले स्टोअरबद्दल, फोन नेण्याआधी

नवी सिस्टिम घातलेला फोन हातात घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्ले स्टोअर कुठाय?" ते घालायचं राहून गेलेलं नाही, आम्ही मुद्दामच घातलेलं नाही. अँड्रॉइडवरच बेतलेली लिनिएज ओएस ही मुक्त सिस्टिम आम्ही फोनमध्ये घालतो, आणि ती एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारासह देतो. २०१० पासून चालू असलेल्या या भांडारात फक्त मुक्त सॉफ्टवेअर मिळतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो असं, आणि एखादं ॲप तुमच्यावर पाळत ठेवत असेल किंवा बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर त्याच्या पानावर तसा शेरा असतो. नकाशे, ईमेल, कीबोर्ड, व्हिडिओ प्लेअर, नोंदवही, पासवर्डची तिजोरी, सगळं तिथे आहे.

आता मुख्य मुद्दा. फोन घरी नेल्यावर आठवडाभराने कुणीतरी सांगतं, "जीॲप्सचं, म्हणजे प्ले स्टोअर आणि गूगलच्या ॲप्सचं, पॅकेज फ्लॅश कर (थेट सिस्टिममध्ये टाक), काम झालं." काम होत नाही. ते पॅकेज सिस्टिम घातल्यावर, पण फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाकावं लागतं. लिनिएजच्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चालू फोनवर मागाहून टाकलं की परवानग्यांचा घोळ होतो, आणि 'गूगल प्ले सर्व्हिसेस बंद पडली' ही पाटी पुसावी तितक्या वेळा परत येते. पॅकेज वेगळ्या अँड्रॉइड आवृत्तीचं असेल तर फोन लोगोपुढे सरकतच नाही. मग बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट करून सगळं नव्याने घालावं लागतं. तोवर काढलेले फोटो, आलेले मेसेज, बॅकअप नसेल तर सगळं जातं. आमच्याकडे परत येणाऱ्या फोनांत हीच तक्रार सर्वांत जास्त, आणि डेटा परत मिळवणं आमच्या हातात नसतं.

म्हणून एवढंच करा: कोणती ॲप्स लागतातच, त्यांची यादी आधी द्या. बँक, कामाच्या ठिकाणचं ॲप, मुलांच्या शाळेचं, जे असेल ते. यादी पाहून आम्ही स्पष्ट सांगतो. काहींचं काम ब्राउझरमध्येच भागतं, बँकेचं बऱ्याचदा. काही ॲप्स मात्र फोन गूगलच्या तपासणीत उत्तीर्ण झाला नाही तर उघडतच नाहीत. तिथे हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आमच्यावरही नाही.

उरलेली बंदिस्त ॲप्स हवीच असतील तर वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये बसवून देतो. त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते, मुख्य बाजूचे संपर्क आणि फोटो त्यांना दिसत नाहीत, आणि काम झालं की अख्खं प्रोफाइल बंद करता येतं. ज्यांच्याकडे गूगलचा पिक्सेल फोन आहे त्यांना आम्ही ग्राफीन ओएस ही दुसरी अँड्रॉइड-आधारित सिस्टिम सुचवतो. तिथे प्ले सर्व्हिसेस (गूगलच्या ॲप्सना लागणारा पाया) खास अधिकारांशिवाय, साध्या ॲपसारखी चालते, आणि ती मागाहूनही घालता येते.

"मग सरळ सगळ्यांनाच घालून द्या की," असंही काहीजण म्हणतात. रेप्लिकंटसारखे पूर्ण मुक्त अँड्रॉइडचे प्रकल्प बंदिस्त ॲप्स देतही नाहीत आणि सुचवतही नाहीत. आम्ही इतके कडक नाही. फोन तुमचा आहे, त्यात काय टाकायचं हे तुम्हीच ठरवायचं, तेही न करू देणं म्हणजे कसलं स्वातंत्र्य? पण पहिल्या पडद्यावरच प्ले स्टोअर ठेवलं, तर एफ-ड्रॉइड कुणी उघडूनही पाहत नाही, आणि तुम्ही ज्यासाठी आलात तेच राहून जातं. मागितल्याशिवाय आम्ही ते देत नाही, ते यासाठी. शंभर टक्के मुक्त फोन विकतो, असाही आमचा दावा नाही: मोडेमचं (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं) आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, जवळपास प्रत्येक फोनमध्ये बंदिस्तच असतं.

यादी पाहून सल्ला देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. फोन देताना बॅकअप मात्र घेऊन या, कारण नवी सिस्टिम घालण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करताना आतलं सगळं पुसलं जातंच.