थेरपिस्टचा स्वभाव आणि पेशंटचं बरं होणं : थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे, जळगाव म्हणा नाहीतर धुळं म्हणा, कोणी काउन्सेलरकडे जाऊन आलं की घरचे पहिले हेच विचारतात, "मानूस कसा शे?" (माणूस कसा आहे?) थेरपी कोणती केली हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न शास्त्राने मनावर घ्यायला मात्र बरीच वर्षं गेली.

सुरुवात तर उलटीच होती. बोलून मनाचे आजार बरे करायची मनोविश्लेषण ही पद्धत काढणाऱ्या फ्रॉइडने १९१२ मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला की सर्जनसारखं वागा, स्वतःच्या भावना, अगदी माणूस म्हणून वाटणारी कणवसुद्धा बाजूला ठेवा, आणि पेशंटपुढे आरसा होऊन बसा. पद्धत नवी होती, ती शास्त्र म्हणून उभी करायची होती आणि डॉक्टर पेशंटमध्ये गुंतण्याची भीतीपण खरी होती, त्यामुळे तो सल्ला का दिला ते समजतं. पण त्याच्याच जवळचा सहकारी असलेल्या फेरेंझीने १९२८ मध्ये लिहिलं की काय बोलायचं, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे समोरच्याच्या जागी जाऊनच कळतं. मला स्वतःला फेरेंझी जवळचा वाटतो.

१९३६ मध्ये रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की थेरप्या एवढ्या वेगळ्या असून सगळ्यांनीच माणसं बरी होतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी कॉमन असणार, आणि त्यात थेरपिस्टचं व्यक्तिमत्त्वपण त्याने धरलं. मग आले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. त्यांनी सेशन रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ही फार मोठी गोष्ट होती, कारण तोपर्यंत बंद खोलीत काय झालं ते थेरपिस्ट सांगेल तेवढंच कळायचं. १९५७ मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं की थेरपिस्टने समोरच्याला आतून समजून घ्यावं, कुठलीही अट न घालता आपलं मानावं आणि स्वतः खरं असावं, आणि हे पेशंटपर्यंत पोचलं तर बदल होतो. एवढंच पुरेसं असतं हे पुढे सगळ्यांना पटलं नाही, पण या गोष्टी मोजायला सुरुवात झाली ती तिथूनच.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातलं काम. १९७९ मध्ये स्ट्रप आणि हॅडली यांनी काही विद्यार्थ्यांना अनुभवी थेरपिस्टकडे पाठवलं आणि काहींना अशा प्राध्यापकांकडे, जे थेरपी शिकलेले नव्हते पण मुलांशी मायेने वागतात म्हणून निवडलेले होते, आणि सरासरी पाहिली तर दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखीच निघाली. याचा अर्थ शिक्षण फुकट असा कोणी काढू नये. पुढे त्याच टीमने थेरपिस्टना मॅन्युअलप्रमाणे ट्रेनिंग दिलं तर ते टेक्निक नीट पाळायला लागले, पण काहींच्या बोलण्यात अधिकारवाणी आणि तुटकपणा वाढला. आधीच दुखावलेल्या माणसाला दोष देणारं एक वाक्य किती लागतं हे आपल्याला घरातच माहिती असतं, आणि त्यांच्या रेकॉर्डिंगमध्येही तेच दिसलं, जिथे पेशंटला कमी लेखणारं बोलणं जास्त होतं तिथे रिझल्ट खराब होते.

नंतरच्या अभ्यासांत पेशंटच्या सुधारणेतल्या फरकापैकी साधारण ५ ते ८ टक्के फरक कोणता थेरपिस्ट मिळाला यावरून पडतो असं दिसलं. आकडा लहान वाटतो, पण दोन मान्यताप्राप्त थेरप्यांमधला फरक बहुतेक वेळा याहून कमीच निघतो.

भारतातपण एक आधार आहे. गोव्यात गावातल्याच साध्या लोकांना काउन्सेलर म्हणून तयार केलं, गरज पडली तर डॉक्टरांची औषधं होतीच, आणि २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षात सरकारी आरोग्य केंद्रांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावसारख्या भागात, जिथे पेशंट भिली किंवा पावरी बोलतो आणि समोरचा पुस्तकी मराठी, तिथे हा मार्ग मला फार जवळचा वाटतो.

फक्त माणसं निवडायची कशी? २००९ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी थेरपिस्टना अवघड पेशंटचे छोटे व्हिडिओ दाखवले, चिडलेला, गप्प बसलेला, सगळं नाकारणारा, आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायला लावलं. ज्यांची उत्तरं जास्त समजूतदार आणि आपुलकीची होती त्यांच्या खऱ्या पेशंटमध्ये सुधारणापण जास्त झाली. आपल्या जिल्ह्यांत काउन्सेलर भरताना डिग्रीच्या कागदांसोबत अशी एक परीक्षा अहिराणीतून घ्यायला काहीच अडचण नाही, कापूस गेल्यामुळे चार महिने घराबाहेर न पडलेला शेतकरी समोर आहे आणि तो "माले काई व्हयेल नई" (मला काही झालेलं नाही) एवढंच म्हणतोय, आता बोला.