लॅव्हेंडर तेलाच्या निर्धोकपणाची ख्याती कुठून आली

फ्रान्समधील लियाँ शहरात सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात असलेले रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या प्रयोगशाळेत १९१० मध्ये स्फोट झाला आणि पेटते द्रव्य त्यांच्या अंगावर उडाले. ही घटना अरोमाथेरपीच्या, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार करण्याच्या पद्धतीच्या, वर्गांतून आणि पुस्तिकांतून जशी सांगितली जाते, त्यानुसार त्यांनी भाजलेला हात घाईघाईने शेजारच्या भांड्यात बुडवला, भांड्यात नेमके लॅव्हेंडर तेल निघाले आणि जखम वणही न राहता भरून आली. खुद्द गातफोसे यांनी १९३७ च्या आपल्या ‘आरोमातेरापी’ या पुस्तकात दिलेली हकीकत मात्र निराळी आहे. आग त्यांनी हिरवळीवर लोळून विझवली. पुढे दोन्ही हातांना गॅस गँग्रीन, म्हणजे ऊतींत वायू धरून त्या सडवणारा, झपाट्याने पसरणारा संसर्ग झाला, तेव्हा त्यांनी हात लॅव्हेंडरच्या अर्काने एकदा धुतले, ऊतींमध्ये वायू धरणे थांबले, दरदरून घाम सुटला आणि दुसऱ्या दिवसापासून जखमा भरू लागल्या.

म्हणजे तेथे योगायोग नव्हता. तेलाचे गुण ठाऊक असलेल्या माणसाने गंभीर संसर्गावर जाणूनबुजून केलेला तो उपाय होता. मात्र रुग्ण एकच, तोही स्वतः उपचार करणारा, आणि तुलनेसाठी दुसरे कोणी नाही. लॅव्हेंडर तेल पातळ न करता थेट त्वचेवर लावले तरी चालते, ही आजही सर्रास ऐकू येणारी समजूत अशा आधारावर उभी आहे.

दुसरी अडचण नावाचीच आहे. ‘लॅव्हेंडर’ हे एका झाडाचे नाव नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने मार्सेल्ससमोरच्या बेटांवर उगवणाऱ्या ज्या ‘स्टिखास’ वनस्पतीचे औषधी उपयोग नोंदवले, ती लॅव्हेंडरच्याच कुळातली असली तरी आज अरोमाथेरपीत वापरली जाणारी जात नव्हे. आज बाजारात प्रामुख्याने तीन तेले येतात : डोंगरउतारावरच्या खऱ्या लॅव्हेंडरचे, सखल भागातील स्पाइक लॅव्हेंडरचे आणि या दोहोंच्या संकरातून झालेल्या लॅव्हँडिनचे. लॅव्हँडिनला बी धरत नाही, त्याची लागवड कलमांनीच करावी लागते; पण त्याचा उतारा खऱ्या लॅव्हेंडरच्या कितीतरी पट असल्याने साबण आणि धुण्याच्या पावडरींचा सुगंध बहुतांशी त्याच्यापासूनच येतो. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात कापूर जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो, लॅव्हँडिनमध्ये तो त्याच्या अनेक पट भरतो आणि स्पाइकमध्ये त्याहूनही अधिक. सौम्य म्हणून ज्याची ख्याती आहे ते पहिले तेल. बाटलीत कोणते आहे हे केवळ ‘लॅव्हेंडर’ एवढ्या शब्दावरून कळत नाही.

एकाच जातीचे तेलही ऊर्ध्वपातनानुसार बदलते. फुलोऱ्यातून वाफ सोडली की ती सुगंधी घटक घेऊन वर चढते, थंड नळीत निवते आणि खालच्या पात्रात पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा तवंग जमतो. त्यातील दोन प्रमुख घटक म्हणजे लिनॅलूल आणि लिनॅलिल अॅसिटेट. वाफ फार वेळ चालू ठेवली तर दुसरा विघटित होऊन पहिल्याचे प्रमाण वाढते आणि वासातला गोडवा जातो.

गातफोसे यांच्यानंतर ही उपचारपद्धती दोन वाटांनी पुढे गेली. फ्रेंच लष्करातील डॉक्टर जाँ व्हाल्ने यांनी सुगंधी तेले औषधासारखी, प्रसंगी पोटातूनही, वापरली. ऑस्ट्रियात जन्मलेल्या मार्गरित मोरी यांनी मात्र ती वाहक तेलात, म्हणजे साध्या वनस्पती तेलात, पातळ करून मालिशसाठी वापरण्यावर भर दिला आणि ब्रिटनमध्ये हीच रीत रुजली. पुढे लोकांपर्यंत पोचली ती या दोन्हींची सरमिसळ. वैद्यकीय देखरेखीखाली पोटात घेण्याचे दाखले घरगुती वापरासाठी दिले जाऊ लागले, मालिशमधून मिळणारा आराम तेलाच्या नावावर जमा झाला.

परिणामाचे पुरावेही असेच मार्गानुसार वेगळे पाहावे लागतात. झोपेच्या गोळ्यांवर असलेल्या वृद्ध रुग्णांना गोळ्या थांबवल्यावर खोलीतील लॅव्हेंडरच्या वासाने झोप लागली, असे वृत्त १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि त्याचा बराच बोलबाला झाला; रुग्ण होते चार. वासावरच्या प्रयोगांत मुळातच एक पेच असतो : खरे तेल कोणाला मिळाले हे नाकाला लगेच कळते, त्यामुळे अपेक्षेचा प्रभाव वेगळा काढणे कठीण जाते. तरीही सगळे श्रेय अपेक्षेला देता येणार नाही. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांना २०१८ मध्ये असे आढळले की लिनॅलूलच्या वासाने उंदरांची अस्वस्थता कमी होते, पण ज्या उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली होती त्यांच्यावर हा परिणाम होत नाही.

सर्वांत भक्कम चाचण्या झाल्या त्या जर्मनीतील, पोटात घेण्याच्या लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत चिंतेच्या विकारावर ती लोराझेपॅम या नेहमीच्या चिंताशामक औषधाच्या बरोबरीची ठरली. लोराझेपॅमची मात्रा मात्र रोज अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे बेताचीच होती. शिवाय या कॅप्सूलने लॅव्हेंडरच्या वासाचे ढेकर येतात, तेव्हा येथेही गुपित पूर्ण राहत नाहीच. आणि ही कॅप्सूल प्रमाणित तेलाची, मोजून भरलेली असते. तिच्या निष्कर्षांवरून बाटलीतले थेंब पाण्यात टाकून पिणे सुरक्षित ठरत नाही.

सुरक्षिततेवरचा सर्वांत गाजलेला वाद २००७ मधला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तीन मुलग्यांची नोंद प्रसिद्ध झाली. वयात येण्यापूर्वीच त्यांच्या स्तनांची वाढ झाली होती. हे मुलगे लॅव्हेंडर, किंवा त्याबरोबर टी ट्री तेल, असलेली प्रसाधने वापरत होते आणि वापर थांबवल्यावर वाढ ओसरली. प्रयोगशाळेतील मानवी पेशींवर या तेलांचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा आणि पुरुषी संप्रेरकांना रोखणारा सौम्य परिणाम दिसला. २०१३ मध्ये मादी उंदरांच्या त्वचेवर तेल लावून केलेल्या चाचणीत इस्ट्रोजेनसारखा परिणाम आढळला नाही. पण ती चाचणी पुरुषी संप्रेरकांविषयी काहीच सांगत नव्हती. पेशींवरील निरीक्षणावरून शरीराबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही हे खरे असले, तरी लहान मुलांच्या अंगाला रोज लावण्याच्या वस्तूबाबत हात आखडता घेणेच मला योग्य वाटते.

त्या मानाने कमी चर्चेत राहिलेला, पण अधिक नित्याचा धोका त्वचेच्या ऍलर्जीचा आहे. ताजे लिनॅलूल त्वचेला फारसे त्रास देत नाही. हवेशी संपर्क येत गेला की त्यापासून हायड्रोपेरॉक्साइडे नावाची संयुगे तयार होतात आणि ती तीव्र ऍलर्जी निर्माण करू शकतात. जपानमधील एका नऊ वर्षांच्या पाहणीत लॅव्हेंडर तेलाच्या पॅच टेस्टला (पट्टीखाली पदार्थ त्वचेवर ठेवून ऍलर्जी तपासण्याच्या चाचणीला) प्रतिक्रिया देणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९९० मध्ये १.१ टक्का होते, ते १९९८ मध्ये १३.९ टक्क्यांवर गेले. वाळलेली लॅव्हेंडरची फुले उशीत, कपाटात ठेवण्याची त्या काळात आलेली टूम हे कारण संशोधकांनी सुचवले. युरोपीय संघात २००५ पासून प्रसाधनात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त लिनॅलूल असल्यास ते वेष्टनावर लिहावे लागते. मालिशसाठी तेल एक-दोन टक्क्यांपर्यंत पातळ करावे, गडद काचेच्या बाटलीत थंड जागी ठेवावे आणि झाकण सैल राहून अर्ध्यावर आलेली जुनी बाटली त्वचेसाठी वापरू नये, या सूचनांमागचे कारण हेच ऑक्सिडीकरण आहे. ते झाले की नाही, हे केवळ वासावरून खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून अनेक जाणकार बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवतात.