टिनाखालची ओल आणि लाकडावरची बुरशी

वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग असो की भंडारा-गोंदियाकडची धानाची बांधी, शेतात लाकडी खांब-फळ्यांची एखादी खोली उभी असते. आत फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, बियाण्याची पोती, टेकायला खाट. आषाढात झड लागली की आठ-दहा दिवसांत फळ्यांवर हिरवट-काळे ठिपके उमटतात आणि दार उघडताच कुबट वास येतो. मग कोणी ओल्या फडक्यानं पुसतं, कोणी जळकं ऑइल फासतं. पोळ्यापर्यंत ठिपके पुन्हा हजर, कारण ओल कुठून येते हे कोणी पाहिलेलंच नसतं.

बुरशीचे बीजाणू हवेत बारमाही असतात, त्यांना घराबाहेर ठेवणं शक्य नाही. लाकडातली थोडी साखर आणि पिष्ट त्यांना खायला पुरतं. अडतं ते पाण्यावाचून. फळीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता (म्हणजे हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी किती टक्के वाफ आहे ते) सलग काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बीजाणू रुजतात. वैशाखात आपल्याकडं दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा त्याच फळीत तिच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम ४-५ टक्के पाणी असतं. झडीत हवा ९० टक्क्यांवर गेली की लाकूड हवेतूनच वाफ शोषत २० टक्क्यांपर्यंत पोचतं, आडवं फुगतं, म्हणून दारं घट्ट बसतात. छत गळत नसलं तरी बुरशी येते ती अशी.

आता छताकडं बघा. पूर्वी या खोल्यांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, असायचे. वानरं ते फोडतात, दरवर्षी पावसाआधी फेरावे, म्हणजे काढून नीट बसवावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही, म्हणून लोकांनी टिनं टाकली. त्यांना दोष देता येत नाही, पण टिनानं खोलीतल्या पाण्याचा हिशेब बदलला हे खरं. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांना २२ ग्रॅमच्या आसपास. पावसाळ्यात आभाळ उघडलेल्या रात्री पातळ टिन आपली उष्णता आकाशाकडं फेकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. आतली दमट हवा त्याला टेकली की जास्तीची वाफ थेंब होऊन पत्र्याला लटकते. पहाटे टॉर्च वर मारली तर हे थेंब ओळीनं दिसतात. पत्र्याच्या उतारानं ते घसरतात आणि भिंतीच्या वरच्या फळीत मुरतात. ‘टिन गळतं’ म्हणून लोक खिळ्यांवर डांबर लावतात, पण हे पाणी बाहेरचं नसतंच. कवेलू जाड, मातीचे. ते हळू थंड होतात, थोडं पाणी स्वतःत जिरवतात, शिवाय त्यांच्या फटींतून वारा फिरतो.

टिन काढायची गरज नाही. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागा मोकळी सोडा, उंदरांसाठी जाळी ठोका. पत्रा भिंतीच्या बाहेर हात-दीड हात काढा. झड सुरू असताना दारं-खिडक्या सताड उघडून काही वाळत नाही, बाहेरची हवाही तितकीच ओली असते. ऊन पडलं की दुपारी उघडा, संध्याकाळी लावून घ्या. पोती फळ्यांना टेकवू नका, मधे वारा हवा. युरिया तर त्या खोलीत नकोच: आर्द्रता ७३ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरायला लागतो.

खालची बाजू जास्त धोक्याची. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते खांबात वर चढतं. लाकूड आपल्या कापलेल्या टोकातून बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं पाणी पितं, म्हणून जमिनीत गाडलेला खांब बुडातून जातो. जुने सुतार खांबाखाली दगडी उथळा, म्हणजे बैठकीचा दगड, ठेवायचे, तो ठेवायलाच हवा.

बुरशी आणि कूज यांत फरक आहे. ठिपक्यांची बुरशी वरवरची असते, लाकडाची ताकद ती कमी करत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला मात्र साधारण २५-३० टक्के ओल लागते आणि ती लाकडाचं सेल्युलोज खाते. खांबाच्या बुडाशी पेचकस टोचून पाहा. टणक लागलं तर निभावलं. टोक सहज आत शिरलं, लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकलं असेल, तर तो भाग कापूनच काढावा लागेल. सागाचा गाभा त्यातल्या नैसर्गिक रसायनांमुळं वर्षानुवर्षं टिकतो, पण बाहेरचा पांढरट भाग सागाचाही कच्चाच. आंब्याच्या फळ्यांना तर ओल अजिबात सोसत नाही.

ठिपके कोरड्या ब्रशनं घासू नका, बीजाणू छातीत जातात. दम्याच्या माणसानं हे काम करूच नये. नाका-तोंडाला मास्क, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग ऊन. जळकं ऑइल बियाण्याच्या खोलीत नको, त्यात विषारी द्रव्यं असतात. जवसाचं कच्चं तेलही बुरशीला खाद्यच ठरतं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण आतल्या बाजूनं चांगलं, बाहेर मात्र पावसानं धुऊन जातं. रंग-पॉलिश काहीही असो, ते वैशाखात करा. ओल्या लाकडावर रंग चढवला तर ओल आतच कोंडली जाते.

त्या खोलीत भुईमूग, मका किंवा सरकीची ढेप ठेवली असेल आणि तिला बुरशी लागली असेल, तर ती जनावरांना घालू नका. अशा मालात ॲफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. ते यकृत बिघडवतं, रोजच्या शिजवण्यानं नष्ट होत नाही आणि गाईच्या पोटातून दुधात उतरतं. ते दूध घरातली लेकरंच पितात.