योइची सिंगल माल्टचे आस्वादन

जपानच्या होक्काइदो बेटावरील योइची गावी निक्का कंपनी गाळत असलेली, पीटच्या (दलदलीतल्या वनस्पतिजन्य जळणाच्या) धुराची सिंगल माल्ट व्हिस्की आणि तिचा वास व चव पारखण्याची रीत. एकाच कारखान्यात केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात. जपानी व्हिस्की नाजूक आणि फुलाफळांच्या वासाचीच असते, असा सर्रास समज आहे. योइची त्या समजाला छेद देते. ती जाड अंगाची, तेलकट आणि धुरकट आहे, आणि तशीच व्हावी म्हणून तिची जागा व भट्टी निवडली गेली.

कारखान्याचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरू (१८९४–१९७९) हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा येथील साके बनवणाऱ्या घराण्यातले. १९१८ मध्ये ते स्कॉटलंडला गेले, ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्राचे पाठ घेतले आणि लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा भट्ट्यांवर उमेदवारी केली. १९२० मध्ये स्कॉटिश पत्नी रिटा यांच्यासह ते मायदेशी परतले. पुढे मद्यव्यावसायिक शिंजिरो तोरिई यांच्या यामाझाकी कारखान्याची उभारणी त्यांनी केली. तिथून १९२९ मध्ये बाजारात आलेली ‘शिरोफुदा’ ही व्हिस्की गिऱ्हाइकांना फार धुरकट वाटली आणि पडून राहिली. ताकेत्सुरूंनी मात्र धूर सोडला नाही. १९३४ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली आणि थंड, दमट, समुद्राकाठचे योइची निवडले. जवळच्या इशिकारी मैदानात पीटही होते. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात. तोवर पैसा यावा म्हणून कंपनीने तिथल्या सफरचंदांचा रस विकला. गाळणी १९३६ मध्ये सुरू झाली आणि पहिली बाटली १९४० मध्ये बाहेर पडली.

योइचीच्या चवीबाबत एक गफलत वारंवार होते. इथली तांब्याची पात्रे अजूनही थेट दगडी कोळशाच्या जाळावर तापवली जातात. कामगार दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा टाकत असतो. त्यामुळे व्हिस्कीतला धूर या कोळशाचा, असे पाहुणे धरून चालतात. वस्तुतः तो धूर बंद पात्रातल्या द्रवाला शिवतही नाही. धुराचा वास येतो तो त्याच्या कितीतरी आधी, भिजवून मोड आणलेली बार्ली पीटच्या धगीवर वाळवताना. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो जळताना फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही संयुगे दाण्याच्या सालीला चिकटतात. आज हा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, बहुतेक परदेशातून येतो. योइचीतले वाळवणीचे जुने मनोरे मुख्यतः पाहण्यापुरते उरले आहेत.

मग कोळशाचे काम काय? पात्राच्या तळाशी तीव्र आच लागून द्रवातले यीस्ट आणि इतर कण किंचित करपतात. त्यातून भाजलेल्या पावाच्या कडेसारखा खमंगपणा येतो. पात्रांची मान सरळ आणि नळी खाली उतरती असल्याने जड वाफही माघारी न वळता पुढे निघून जाते. अंगाचा जाडपणा त्यातून येतो. आस्वाद घेताना हा पीटचा धूर आणि हा करपट खमंगपणा वेगवेगळा ओळखता आला, की योइची बरीचशी उमगली.

त्यासाठी तोंडाशी निमुळता होणारा लहान पेला घ्यावा, बर्फ टाळावा. नाक पेल्यात खुपसू नये. ओठ किंचित उघडे ठेवून थोड्या अंतरावरून वास घ्यावा. सध्या सर्वत्र मिळणाऱ्या, वयाचा उल्लेख नसलेल्या बाटलीत ४५ टक्के मद्यार्क असतो आणि घाई केली तर तोच आधी नाकात झोंबतो. पहिल्यांदा धूर, मग संत्र्याची साल, पिकलेले सफरचंद, माल्टचा गोडवा असा क्रम बहुधा लागतो. घोट जिभेवर फिरवल्यावर खमंगपणा मधोमध येतो आणि गिळल्यानंतर धूर परततो. खारेपणाही जाणवतो. त्याचे श्रेय समुद्राच्या वाऱ्याला देण्याची प्रथा आहे, पण मीठ वाफेबरोबर वर चढत नाही. हा खारेपणा जिभेपेक्षा नाकाचा असावा. फिनॉलच्या काही वासांतून समुद्रकिनारा आठवतो, इतकेच.

नंतर थेंबथेंब पाणी घालावे. याला रसायनशास्त्राचा आधार आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपणातून दाखवले, की मद्यार्क ४५ टक्के किंवा त्याहून कमी असताना धुराच्या वासाचे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहते. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर गेला की ते आत दडते. म्हणून पिंपातून थेट भरलेल्या तीव्र योइचीला पाणी हवेच. ४५ टक्क्यांच्या बाटलीला थोडके पुरे. जपानात मिझुवारी (बर्फ व भरपूर पाणी) आणि सोड्याचा हायबॉल लोकप्रिय आहेत. हायबॉलमध्ये धूर छान उठतो, पण कोळशाच्या आचेचा खमंगपणा हरवतो; पारख करायची तर तो मार्ग नव्हे.

बाटली निवडताना फिनॉलच्या ‘पीपीएम’ (दशलक्ष भागांत किती भाग) आकड्यावर विसंबू नये. तो माल्टवर मोजतात. गाळणीत आणि मुरण्यात त्यातला बराच भाग गळतो. साठा आटल्यामुळे २०१५ मध्ये वयाचा उल्लेख असलेल्या योइची बंद झाल्या; १० वर्षांची २०२२ मध्ये परत आली. तत्पूर्वी २००८ मध्ये २० वर्षे मुरलेल्या ‘योइची १९८७’ला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातील सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला होता.

जपानी उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या आणि २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या व्याख्येनुसार आंबवणे, गाळणे आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवणे जपानातच व्हावे लागते. धान्य मात्र परदेशातले चालते. योइची या व्याख्येत बसते, पण निक्काचीच ‘फ्रॉम द बॅरल’ ही मिश्र व्हिस्की बसत नाही.

तुलनेसाठी गोव्यातील पॉल जॉनची पीटयुक्त माल्ट शेजारी ठेवून पाहावी. उष्ण हवेत ती झपाट्याने मुरते आणि लाकडाचा गोडवा धुराच्या पुढे येतो. होक्काइदोतच, पूर्व किनाऱ्यावर, अक्केशी येथे २०१६ पासून दुसरा पीटप्रेमी कारखाना गाळणी करतो. त्याची नजर धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या आयला बेटाकडे आहे.