कोकणातल्या फ्रेंच गाड्यांच्या सहली : पार्श्वभूमी

दिवाळी उलटली की मुंबई, ठाणे, पुण्याहून फ्रेंच गाड्यांचे ताफे कोकणात उतरायला लागतात आणि शिमग्याच्या सुमारास थांबतात. गणपतीत सहल ठेवायची नाही, यावर या गाड्यांच्या मालकांच्या क्लबात कधी वाद झालेला नाही. ते दिवस चाकरमान्यांचे, महामार्गही त्यांचाच. बाकी रिवाज बहुतेकांना ठाऊक आहे. पहाटे निघायचं, उजाडायच्या आत पेण-वडखळ मागे टाकायचं, माणगावला नाश्ता, आणि दुपारी कुणाच्या तरी खळ्यात गाड्या लावून बोनेट उघडायची. या सहलींत कुणाला घ्यायचं यावरून मात्र आजही कुरबुरी होतात. त्या समजायच्या तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. फ्रान्समध्ये गाडीवेड्यांनी जथ्याने प्रवास करायची परंपरा जुनी आहे. सिट्रोएनच्या १९३१-३२ च्या बैरूत ते पेकिंग मोहिमेची एक तुकडी श्रीनगर-गिलगिटमार्गे हिमालय ओलांडून गेली होती. त्याच कंपनीच्या टू-सीव्ही गाड्या घेऊन १९७० मध्ये तरुण पोरं पॅरिसहून काबूलला जाऊन परतली, आणि १९७५ पासून टू-सीव्हीवाल्यांचं जागतिक संमेलन भरू लागलं. पहिलं फिनलंडमध्ये झालं. हे सगळं वाचायला छान आहे. कोकणातल्या सहलींचं नातं मात्र त्यापेक्षा कल्याणशी जास्त आहे.

पद्मिनीवाली प्रीमियर आणि फ्रेंच प्यूजो यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये कल्याणच्या कारखान्यात प्यूजोची ३०९ तयार होऊ लागली. युरोपात ही गाडी १९८५ ची, म्हणजे इथे आली तेव्हा तिकडे तिचा संसार आटोपला होता. तरी पद्मिनीतून उतरून तिच्यात बसलेल्या माणसाला ती विमानासारखी वाटायची. मऊ आसनं, खड्डा गिळून टाकणारं सस्पेन्शन, आणि डिझेल घेतली तर इंधनाचा खर्च बेताचा. पण कामगारांचे तंटे, भागीदारांतली ओढाताण यात दशक सरायच्या आतच सगळा डाव मोडला. मालकांच्या हाती चांगली गाडी उरली, पण तिच्यामागे कंपनी उरली नाही. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की तिचंच १,५२७ सीसीचं डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमला बसवलं, त्यामुळे इंजिनाचे काही भाग तरी मिळत राहिले. दाराची काच, मागच्या दिव्याचं कव्हर, डॅशबोर्डचं प्लास्टिक यांसाठी मात्र एकमेकांनाच फोन करावे लागत. सुरुवातीच्या गाठीभेटी या अशा अडचणीतून झाल्या. सहल हे निमित्त होतं. डिकीत जेवणाच्या डब्याशेजारी जुना अल्टरनेटर असायचा.

त्यानंतर जे आलं त्याने क्लबचं रूपच पालटलं. २००७ मध्ये नाशिकला महिंद्रा-रेनो लोगन बनू लागली. पण खरी गर्दी झाली ती २०१२ च्या डस्टरने. जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंची, दीड लिटरचं डिझेल, आणि खड्ड्यात आपटली तरी कुरकुर न करणारी चाकं. कोकणात जाणाऱ्याला याहून वेगळं काय हवं होतं? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण त्याच सुमारास सुरू झालेलं. अर्धवट पूल, रातोरात बदलणारे वळणरस्ते, एका बाजूला काँक्रीट आणि दुसऱ्या बाजूला फूटभर खाली माती. इतर गाड्यांचे मालक पोटाला काय लागलं ते बघायला उतरत, डस्टरवाले पुढे निघून जात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. त्यानंतर पावसाळ्यात घाटाखाली सहल न्यायची नाही, हे ठरून गेलं. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला, तरी नियम कायम आहे, आणि तो असावा.

एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा कडक नियम आला आणि रेनोने इथलं डिझेल थांबवलं. दोन वर्षांत डस्टरही थांबली. आज ताफ्यात जुन्या डस्टर जास्त दिसतात, त्यांच्या मागोमाग क्विड, ट्रायबर, कायगर.

आता मुख्य वाद. फ्रेंच गाडी म्हणायची कशाला?

डस्टरची लाट आल्यावर सभासद वाढले आणि क्लबने सोपा नियम केला: गाडी विकली गेली तेव्हा तिच्यावर ज्या कंपनीचा लोगो होता, ती कंपनी फ्रेंच हवी. कागदावर नियम चोख आहे. रस्त्यावर मात्र त्याची पंचाईत होते. रेनोची पल्स म्हणजे निस्सानची मायक्रा आणि स्काला म्हणजे सनी. मूळ आराखडा जपानी, पुढे जाळी रेनोची. त्या दोघी बिनबोभाट आत आल्या. टेरानो म्हणजे निस्सानच्या वेषातली डस्टर, ती बाहेर राहिली. सगळ्यात मोठा अन्याय व्हेरिटोवर झाला. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी त्याच नाशिकच्या कारखान्यातून तीच लोगन, तेच दीड लिटरचं डिझेल घेऊन, व्हेरिटो या नावाने बाहेर पडली. म्हणजे थोरल्या भावाची २००९ ची लोगन सभासद आणि धाकट्याची २०१२ ची व्हेरिटो बघ्यांत. (लोगन आणि डस्टर या दोन्ही युरोपात रुमानियातल्या डाचियाच्या नावाने विकल्या जातात, हे कुणी सभेत काढलं की चहाची वेळ होते.)

पण खरी कोंडी झाली जिपांवरून. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २,११२ सीसी. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जिपा या इंजिनावर धावल्या, पुढे अडीच लिटरचं त्याचं भावंड अरमाडात आणि सुरुवातीच्या बोलेरोत आलं. ज्या कोकणात क्लब फिरायला जातो, तिथे फ्रेंच तंत्र सगळ्यांत आधी पोचलं ते या जिपांतून. एसटी चुकली की वडाप. त्यात आठांच्या जागी चौदा माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या आणि पायदानावर क्लीनर. हे ओझं कातळसड्यावरून, घाटीतून वर्षानुवर्षं वाहिलं ते त्या इंजिनाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही जीपमालकांनी सहलीत यायची इच्छा दाखवली, तेव्हा क्लबात दोन तट पडले.

नकार देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. इंजिन हा निकष धरला तर मारुतीची झेन डिझेल आत येते, मायक्रा डिझेलही येते. मग हद्द कुठे आखणार? आणि जिपेचा सांगाडा तर मूळ अमेरिकन. कुणी हसत सुचवलं की मोटोबेकानच्या परवान्यावर बनलेली सुवेगा मोपेडही आणा. गावाकडच्या एकाने ती खरंच आणली, आणि दिवसभर सगळ्यांत जास्त फोटो तिचेच निघाले.

तरीही लोगोचा नियम मला पहिल्यापासून पटलेला नाही. त्याचा परिणाम असा झाला, की ताफा कोकणात फिरायचा आणि ताफ्यात कोकणातला माणूस नसायचा. डस्टर शहरातल्यांच्या, जिपा गावातल्यांच्या. शिवाय ३०९ किंवा जुनी डस्टर हातखंब्याच्या पुढे कुठे अडून बसली, तर तिला हात लावायचं धाडस करतो तो जिपांची डिझेल इंजिनं उघडण्यात आयुष्य घालवलेला मिस्त्री. त्याचा मुलगा जीप घेऊन आला तर त्याला लोगो विचारायचा, हे जरा जास्तच झालं. शेवटी तडजोड निघाली: प्यूजो इंजिनाच्या जिपा ‘पाहुणे’ म्हणून सोबत येतात, जेवायला असतात, पण सभेत मत नाही. व्हेरिटोला तेवढंही नाही.

जिपा आल्या आणि वाटाही बदलल्या. महामार्ग सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने जायची सवय गाववाल्यांनी लावली. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, आणि मधल्या अरुंद रस्त्यांवर एसटी आली की कोपऱ्यात घ्यायची. ३०९ वाल्यांना बोटीच्या उताराची धास्ती, कारण पुढचा बंपर घासतो. ते तिरके चढतात. खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा खातो, म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची, मग चहा. वाळूत गाडी घालायची नाही, हा नियम मात्र गावकऱ्यांच्या सांगण्यावरून आला. भरतीला रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर त्यांचेच येतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली आणि अलिबागच्या छोट्या सहली सोप्या झाल्या, जरी लगेच टाळेबंदी लागल्याने पहिला हंगाम हातचा गेला. आता रेवस-रेड्डी सागरी मार्गावर खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलंय. पूल झाले की बंपर वाचतील, पण बोटीची वाट बघताना होणाऱ्या गप्पा कमी होतील, अशी काहींची तक्रार आहे.

२०२१ पासून सिट्रोएनही ताफ्यात आहे. आधी सी-५ एअरक्रॉस आली, पुढच्या वर्षी सी-३. सिट्रोएनच्याच जुन्या डीएस गाडीतलं तेल-वायूवर तरंगणारं सस्पेन्शन यात नाही, पण एअरक्रॉसच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या दोन्ही टोकांना हायड्रॉलिक गाद्या आहेत, आणि खेडच्या पुढे त्यांचा फरक कळतो. ई-सी-३ ला लोगोमुळे प्रवेशाची अडचण नाही. तिची अडचण मालवणपर्यंत पोचण्याची. २९.२ किलोवॅट-तासाची बॅटरी एका दमात तिथवर जात नाही, त्यामुळे तिच्यासाठी वाटेत एक लांब थांबा धरावा लागतो. गेल्या सभेत विद्युत व्हेरिटोच्या एका मालकाने अर्ज दिला. त्याच्या गाडीवर फ्रेंच लोगो नाही आणि फ्रेंच इंजिनही नाही. आहे ती फक्त लोगनची काया. सभेने निर्णय पुढच्या हंगामावर ढकलला, आणि तोवर त्याने जेवणाची वर्गणी भरून यावं, असं ठरलं.