ॲग्री आणि ग्रेड: एक तागडी नव्हे, दोन

'ही गाइडलाइन (उपचारांच्या शिफारशींचा दस्तऐवज) हाय क्वालिटीची आहे' असं जर्नल क्लबात, म्हणजे डॉक्टरांच्या शोधनिबंध-चर्चेत, कुणी म्हटलं की लगेच विचारावं, क्वालिटी कशाची? मुंबईतल्या सर्जरीच्या रेझिडेंटांना ग्रेड, म्हणजे पुरावा आणि शिफारस तोलायची पद्धत, पाठ असतं: पुराव्याच्या चार पायऱ्या, हायपासून व्हेरी लोपर्यंत, आणि शिफारस एक तर स्ट्राँग (ठाम) नाही तर कंडिशनल (परिस्थिती पाहून). ते इथे उगाळत नाही. घोळ सुरू होतो तो डिसर्टेशनमध्ये ॲग्री-टू, म्हणजे गाइडलाइन तपासायची प्रश्नावली, आलं की.

ग्रेड एकेका शिफारशीमागचा पुरावा तोलतं. २०१० चं ॲग्री-टू अख्खी गाइडलाइन कशी तयार झाली ते तपासतं: २३ प्रश्न, ६ विभाग, प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण. शिफारस बरोबर की चूक, हे ॲग्री विचारतच नाही. त्यामुळे उत्तम गुणांच्या गाइडलाइनमध्येही पुरावा लो असू शकतो, आणि त्यात काही गैर नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल साइट इन्फेक्शनवरची (शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या संसर्गावरची) २०१६ ची गाइडलाइन काढून बघा. प्रोफिलॅक्सिसचं (संसर्ग टाळण्यासाठीचं) अँटिबायोटिक इन्सिजनच्या, म्हणजे छेद घेण्याच्या, आधी द्या, ही शिफारस स्ट्राँग, पुरावा लो. दोन्ही शेजारी शेजारी, उघड छापलेलं. त्याच गाइडलाइनमधली भूल दिलेल्या रुग्णाला ८०% ऑक्सिजन द्यायची स्ट्राँग शिफारस २०१८ मध्ये कंडिशनल झाली. याला धरसोड म्हणणाऱ्यांनी ॲग्रीचा १४वा प्रश्न वाचावा: गाइडलाइन अद्ययावत करायची पद्धत दिली आहे का?

आता बेरीज. ॲग्रीच्या रिगरच्या (गाइडलाइन किती काटेकोरपणे बनवली याच्या) विभागात ८ प्रश्न, तपासणारे दोघं. किमान गुण १६, कमाल ११२. दोघांचे मिळून ६४ आले तर ६४ भागिले ११२ करून ५७% लिहिणारे पदोपदी भेटतात. आधी किमान वजा करायचं असतं: ४८ भागिले ९६, म्हणजे ५०%. त्याहून डोक्यात जातं ते सहाही विभागांची सरासरी काढून एकच टक्केवारी छापणं. ॲग्रीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई आहे. तपासणारे किमान दोन, चार असतील तर बरं. निव्वळ सर्जरीच्या गाइडलाइन असतील तर त्यांच्यासाठीची ॲग्रीची आवृत्ती, ॲग्री-एस, घ्या.

स्वतः गाइडलाइन लिहिणाऱ्यांनी घाम गाळावा तो ॲप्लिकेबिलिटीच्या विभागावर, म्हणजे गाइडलाइन प्रत्यक्षात वापरता येईल का यावर. चारच प्रश्न, पण गुण तिथेच गळतात. 'इन्सिजनच्या आधी १२० मिनिटांत अँटिबायोटिक' एवढं लिहून भागत नाही. सकाळी ८ ला वॉर्डात डोस दिला, आधीची केस लांबली, इन्सिजन ११ ला: वेळ केव्हाच उलटून गेली. डोस वॉर्डात नको, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये). द्यायचा कुणी, वेळ कुठल्या कागदावर टाकायची, केस पुढे ढकलली तर काय, आणि महिनाअखेर किती केसेसमध्ये वेळ पाळली हे मोजायचं कुणी, तेही लिहा. शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत नसतंच.